इंग्लिश स्पेशल घेणाऱ्यांच्या बाजूने

बारावीनंतर आर्ट्सला जायचं म्हणणाऱ्या मुलाला घरचे आधी आर्ट्सपासूनच परावृत्त करून बघतात. ते जमलं नाही की तडजोडीचं वाक्य येतं, ‘बरं, मग इंग्लिश तरी घे.’ हे म्हणणाऱ्यांच्या डोक्यात शेक्सपिअर नसतो. पोरगा फाडफाड बोलायला लागेल, कुठेतरी चिकटेल, अगदीच काही नाही तर शिकवण्या घेईल, असा साधा हिशेब असतो. तीन वर्षांनी तो हिशेब फसतो. बी.ए. झालेला मुलगा मुलाखतीत अडखळतो आणि तेच घर विचारतं, ‘इंग्लिश घेऊन काय उपयोग झाला?’

इंग्लंड-अमेरिकेत हा प्रश्न प्रवेशाच्या आधीच विचारतात. भाषा तर सगळ्यांनाच येते, मग कादंबऱ्या वाचायला कर्ज काढून विद्यापीठात कशाला जायचं, असा तिथला रोकडा सवाल. शेफील्ड हॅलम विद्यापीठाने इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी थांबवत असल्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं, तेव्हा तिथल्या लेखकांनी बराच आवाज उठवला. पुढच्याच वर्षी ‘न्यू यॉर्कर’ने या विषयाच्या अखेरीवर नेथन हेलर यांचा लांबलचक लेख छापला. हार्वर्डसारख्या ठिकाणीही विद्यार्थी साहित्याकडे पाठ फिरवून संगणकाकडे वळताहेत, असा त्याचा सूर होता. असलं काही वाचलं की आपल्याकडचे इंग्रजीचे प्राध्यापक हळहळतात. पण आपलं दुखणं निराळं आहे. तिथं दुकान ओस पडतंय. इथं गिऱ्हाईक येतं, फक्त ते भलत्याच मालासाठी येतं.

मला इंग्रजी साहित्य घेऊन पदवी करण्याच्या निवडीची बाजू मांडायची आहे. आज ती पदवी बहुतेक ठिकाणी जशी शिकवली जाते, तिची बाजू मला घेता येणार नाही. या दोन गोष्टी एकत्र केल्यामुळेच या वादात दोन्हीकडचे लोक गेली कित्येक वर्षं एकमेकांना उद्देशून बोलताहेत असं वाटतं, आणि प्रत्यक्षात वेगवेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत असतात.

या विषयावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप पालकांचा नाही. तो खुद्द इंग्रजीच्या विभागांमधूनच आलेला आहे: या विषयाचा जन्मच मुळात राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी झाला. गौरी विश्वनाथन यांचं ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ १९८९ मध्ये आलं, त्यात हे नीट मांडलेलं आहे. कंपनी सरकारला हिंदुस्थानात उघडपणे ख्रिस्ती धर्म शिकवणं परवडणारं नव्हतं. मग नीतिशिक्षणाचं काम साहित्याकडे सोपवलं गेलं. इंग्रजी शिक्षणाची बाजू घेणारं मेकॉलेचं प्रसिद्ध टिपण २ फेब्रुवारी १८३५ चं. मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ मध्ये. आणि ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य हा स्वतंत्र पदवीचा विषय झाला १८९४ मध्ये, केंब्रिजमध्ये तर १९१७ मध्ये. म्हणजे साहेबाच्या पोराला ज्या विषयाची पदवी त्याच्याकडच्या सर्वांत जुन्या विद्यापीठांत मिळत नव्हती, त्यात आमची पोरं आधीच परीक्षा देत होती. ऑक्सफर्डच्या इंग्रजी साहित्याच्या अध्यासनावर १९०४ मध्ये बसलेले वॉल्टर रॅले त्याआधी अलीगढला शिकवून गेले होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य एकेकाळी विल्यम वर्डस्वर्थ नावाचे गृहस्थ होते, खुद्द कवी वर्डस्वर्थचे नातू. (नातवाकडून आजोबांच्या कविता शिकण्याचं भाग्य म्हणायचं की शिक्षा, हे ज्याचं त्याने ठरवावं.)

हा इतिहास खराच आहे आणि इंग्रजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो पहिल्याच वर्षी वाचायला हवा. पण देणाऱ्याचा हेतू कळला म्हणजे घेणाऱ्याने त्याचं काय केलं ते कळलं, असं होत नाही. सावित्रीबाई फुल्यांच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे, राज्यकर्त्यांना कारकून पुरवावेत म्हणून तो नव्हता. आगरकर १८८२ मध्ये टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात गेले, तिथे त्यांनी हॅम्लेट मराठीत आणायला घेतलं आणि १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ म्हणून छापून आलं. अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा भोगणारा तरुण संपादक कोठडीत शेक्सपिअर घेऊन बसतो, याचा हिशेब मेकॉलेच्या टिपणात सापडत नाही.

पुढच्या शतकात तर गंमतच आहे. धारवाडच्या कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी. मुंबईत इंग्रजी शिकवणारे विंदा करंदीकर, ज्यांनी ‘किंग लिअर’ आणि ‘फाउस्ट’ मराठीत आणलं. नागपूरला इंग्रजी शिकवणारे महेश एलकुंचवार. इंग्रजीत पीएच.डी. केलेल्या गौरी देशपांडे. मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात ‘सौंदर्यमीमांसा’ लिहिणारे रा. भा. पाटणकर आणि त्याच विभागाचे विलास सारंग. मर्ढेकरांनीही काही काळ इंग्रजी शिकवलं. आणि देशीवादाचा झेंडा ज्यांनी सगळ्यात उंच धरला, इंग्रजीच्या वर्चस्वावर ज्यांनी सगळ्यात कडक कोरडे ओढले, ते भालचंद्र नेमाडेही इंग्रजीचेच एम.ए. आणि इंग्रजीचेच प्राध्यापक. ‘आफ्टर अम्नेशिया’ लिहून वसाहतकाळाने आपल्याला आपल्याच परंपरेचा विसर पाडला असं बजावणारे गणेश देवी बडोद्याला काय शिकवत होते? इंग्रजी.

यावरून इंग्रजी घेतल्याशिवाय मराठी लेखक होत नाही असा निष्कर्ष कुणी काढला तर तो मूर्खपणा ठरेल. नारायण सुर्वे, नामदेव ढसाळ, बहिणाबाई यांचा या विभागांशी काडीचा संबंध नव्हता. निष्कर्ष एवढाच, की इंग्रजीचा विभाग म्हणजे मराठीच्या वैऱ्याचं घर हा समज आपल्याच वाङ्मयाच्या इतिहासाला धरून नाही. मराठीचं भलं-बुरं करणारी पुष्कळ माणसं या विभागात बसून मराठीबद्दलच विचार करत होती.

‘मराठी शाळा बंद पडताहेत आणि तुम्ही इंग्रजीचं काय घेऊन बसलात?’ हा प्रश्न तरीही उरतो आणि तो रास्त आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यावरून झालेला वाद अजून शमलेला नाही. मात्र शाळेचं माध्यम आणि विद्यापीठातला विषय या अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पोराला पहिलीपासून इंग्रजी माध्यमात घालणारा बाप मराठीपासून त्याला तोडत असेल. पण विसाव्या वर्षी, मराठी पक्की असताना, इंग्रजी साहित्य वाचायला घेणारी मुलगी काहीच तोडत नसते. उलट मराठी शाळेतून आलेल्या मुलांनी हा विषय घ्यावा असं मला वाटतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना त्यातून जितकं मिळतं त्याहून जास्त या मुलांना मिळतं, कारण त्यांच्याकडे ताडून बघायला दुसरी भाषा पुरती शाबूत असते.

हे हवेत राहू नये म्हणून एक पुस्तक घेऊ. जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’, १८१३ ची, जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कधी ना कधी असतेच. बेनेट कुटुंबात पाच मुली. इस्टेट अशा अटीत बांधलेली, की बापानंतर ती मुलींना न मिळता दूरच्या नात्यातल्या कॉलिन्स नावाच्या पुरुषाकडे जाणार. हा कॉलिन्स म्हणजे बडबड्या, लाळघोट्या पाद्री. तो थोरल्या बहिणीवरून नजर काढून नायिका एलिझाबेथला मागणी घालतो, ती नकार देते, आणि दोन-तीन दिवसांत तो तिच्या मैत्रिणीला, शार्लटला, विचारतो. शार्लट सत्तावीस वर्षांची, रूप बेताचं, पैसा नाही. ती हो म्हणते.

लंडन-न्यू यॉर्कच्या वर्गात हा प्रसंग इतिहास म्हणून समजावून सांगावा लागतो. संगमनेर किंवा बार्शीच्या कॉलेजात तो समजावून सांगावा लागत नाही. स्थळ म्हणजे काय, वय वाढत चाललं की घरातलं बोलणं कसं बदलतं, शेती भावांच्या नावावर असते म्हणजे काय, हे वर्गातल्या निम्म्या मुलींना ऑस्टेनइतकंच ठाऊक असतं. शार्लटने बरोबर केलं की चूक, यावर वर्गात लगेच दोन तट पडतात. एरवी इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणाऱ्या मुली बोलायला लागतात, अर्थात मराठीत. इथवर येणं काही फार मोठं नाही. टीव्ही मालिकेवरही अशी चर्चा होते.

खरा तास इथून पुढे सुरू होतो. शार्लटने होकार का दिला, हे ऑस्टेन एका परिच्छेदात सांगते. सांगते तृतीयपुरुषी निवेदनातून, पण शब्द वापरते ते शार्लटच्या मनातले. लग्नाबद्दल तिच्या फार उंच कल्पना नव्हत्या, घर मिळणं महत्त्वाचं, एवढाच त्याचा मथितार्थ. आता हे मत कुणाचं? शार्लटचं? की निवेदिका तिरकसपणे बघते आहे? की शार्लटला हसता हसता ज्या समाजाने तिच्यावर ही पाळी आणली त्यालाच ती चिमटा काढते आहे? उत्तर पात्राबद्दलच्या आपल्या मतात नसतं. ते त्या वाक्यात असतं: कुठलं विशेषण वापरलं, स्वल्पविराम कुठे पडला, एखादी गोष्ट ‘होती’ म्हटली की ‘वाटत होती’ म्हटली. विद्यार्थ्याला आपलं मत वाक्यावर बोट ठेवून सिद्ध करावं लागतं. ‘मला असं वाटलं’ इथे चालत नाही; ‘हा शब्द आहे म्हणून मला असं वाटलं’ असं म्हणावं लागतं.

ही सवय एकदा लागली की ती इंग्रजीपुरती राहत नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘करमणूक’मधून क्रमशः आलेली ‘पण लक्षात कोण घेतो!’ शार्लटवर बोलणाऱ्या त्या मुलींपैकी एखादीने पुन्हा हातात घ्यावी. तिची नायिका यमू स्वतःची हकीकत स्वतःच सांगते. तिथे तिरकस बघणारं तिसरं कुणी नाही, म्हणून वाचकाला अंतर ठेवायला जागाच मिळत नाही. हरिभाऊंनी प्रथमपुरुष का निवडला असेल? यमूची गोष्ट ऑस्टेनच्या पद्धतीने सांगितली असती तर तिचं दुःख कमी झालं असतं की जास्त बोचलं असतं? शाळेत या कादंबरीवर फक्त ‘विधवांची स्थिती’ असा मुद्दा लिहिलेल्या मुलीला हा प्रश्न पडणं, हीच मला या पदवीची कमाई वाटते.

असं वाचन मराठीच्या वर्गात होऊ शकत नाही का? होतं, आणि चांगल्या मराठी विभागांत झालेलं आहे. पण एक गोष्ट परक्या भाषेच्या बाजूने जाते. मातृभाषेतलं वाक्य आपण वाचत नाही, ते आपल्याला कळून जातं. परक्या भाषेत पाय अडकतो, थांबावंच लागतं. तालुक्याच्या ठिकाणच्या मुलाला ज्याची लाज वाटते तो त्याचा संथ वेग खरं तर त्याचं भांडवल आहे. आय. ए. रिचर्ड्सने १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ छापलं, त्याआधी त्याने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवीचं नाव झाकून कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय लिहून घेतले. इंग्रजी आईच्या दुधाबरोबर मिळालेल्या त्या मुलांनी साध्या साध्या ओळींचे असे काही विपर्यास केले, की पुस्तकाचा मोठा भाग त्या चुकांची वर्गवारी करण्यातच गेला. भाषा येणं आणि वाचता येणं यात किती अंतर असतं, ते त्या पुस्तकाएवढं दुसऱ्या कशाने मला पटवलेलं नाही.

पण या विभागात वाचायचं काय, हा प्रश्न उरतोच. नैरोबी विद्यापीठात १९६८ मध्ये लेखक न्गुगी वा थिओंगो आणि दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच बंद करा, त्या जागी आफ्रिकी साहित्य मध्यभागी ठेवणारा विभाग काढा, असं पत्र दिलं होतं. आपल्याकडे पाटी तीच राहिली, पण आतलं सामान हळूहळू बदललं. आज इंग्रजीच्या अभ्यासक्रमांत अचेबे असतो, गिरीश कार्नाड असतात, अनुवादित दलित आत्मकथनं असतात. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ ही दोन्ही पुस्तकं २००८ मध्ये इंग्रजीत आली, ती माया पंडित यांच्या अनुवादातून, आणि पंडित इंग्रजीच्याच प्राध्यापक. फलटणच्या बाईची गोष्ट त्यामुळे परदेशी विद्यापीठांच्या वर्गात जाऊन बसली. या कामासाठी नुसतं चांगलं इंग्रजी पुरत नाही. बेबीताईंच्या वाक्यातला कुठला खडबडीतपणा राखायचा आणि कुठला वाचकासाठी सोपा करायचा, हे ठरवायला दोन्ही भाषांत वर सांगितलेलं वाचन लागतं. मराठीतून इंग्रजीत जाणारे असे अनुवादक हाताच्या बोटांवर मोजावेत इतके आहेत, आणि ते घडण्याची स्वाभाविक जागा मराठी मुलांनी भरलेला इंग्रजीचा वर्ग हीच आहे.

साहित्य बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाने उच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत ठेवला आहे. विम्याची पॉलिसी, बिल्डरचा करार, बँकेच्या कर्जाच्या अटी, कंपनीचं नेमणूकपत्र, बहुतेक सगळं इंग्रजीत येतं, आणि कधीकधी लिहिणाऱ्याने ते मुद्दाम दुहेरी अर्थाचं ठेवलेलं असतं. गावात असा कागद आला की वाचून दाखवायला माणूस शोधतात. तो माणूस शब्दांचे अर्थ सांगतो; वाक्य काय लपवतंय ते सांगत नाही. शार्लटच्या परिच्छेदावर तासभर भांडलेल्या मुलीला ते सांगता यायला हवं.

आता पोटापाण्याचं. इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही. प्राध्यापक व्हायचं म्हणून इंग्रजी घेत असाल तर नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले किती जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबताहेत ते आधी जवळच्या कॉलेजात जाऊन बघा. बी.एड. करून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जागा मिळते, पण विनाअनुदानित शाळेचा पगार सांगायला शिक्षक लाजतात. एमपीएससीच्या मागे असलेली मुलं इतिहास-राज्यशास्त्र घेतात, कारण तिथे अभ्यास थेट कामाला येतो आणि इंग्लिशला ‘मार्क पडत नाहीत’. हे सगळं खरं. पण यातली निम्मी तक्रार इतिहासाच्या, अर्थशास्त्राच्या, अगदी बी.एस्सी.च्या पदवीलाही लागू आहे. इंग्रजीचे विद्यार्थी वकिलीत जातात, वृत्तपत्रांत, प्रकाशनात, भाषांतरात, बँकेत, कॉल सेंटरमध्ये जातात. पदवीने त्यांना परवाना दिलेला नसतो. कुठल्याच आर्ट्सच्या पदवीने तो कधी दिला नाही.

‘इंग्रजी सुधारेल’ हा जुना युक्तिवाद तर आता टिकणारच नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, आणि बिनचूक इंग्रजी अर्ज लिहिणं हे फुकटात होणारं काम झालं. ज्यांनी या विषयाकडे अर्जाचं इंग्रजी म्हणून पाहिलं त्यांच्या पायाखालची जमीन सरकली आहे. यंत्राने लिहिलेला गुळगुळीत मजकूर वाचून त्यात काही म्हटलंय की नुसती वाक्यं भरली आहेत हे ओळखणारा माणूस मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे.

मग अडतं कुठे? अडतं वर्गात. इंग्लिश स्पेशल घेतलेला मुलगा तीन वर्षांत एकही कादंबरी पूर्ण न वाचता पहिल्या वर्गात पास होऊ शकतो, हे या विषयातलं उघड गुपित आहे. बाजारात गाइड असतं, झेरॉक्सच्या दुकानात सिनिअरच्या नोट्स असतात, प्रश्न ठरलेले असतात: हॅम्लेटच्या दिरंगाईची चर्चा करा, अमक्याचं स्वभावचित्र रेखाटा. उत्तर पाठ असतं. हॅम्लेट चालढकल का करतो हे लिहिणाऱ्याने तो नेमक्या कुठल्या प्रवेशात चालढकल करतो ते पाहिलेलंच नसतं. नव्या शैक्षणिक धोरणात स्पेशलचं मेजर झालं, गुणांची विभागणी बदलली, पण पुस्तक न उघडता पास होण्याची सोय तशीच राहिली.

परिसंवादांत याचा दोष ओळीमागून ओळ मराठीत समजावणाऱ्या शिक्षकांवर ढकलतात. मला हे पटत नाही. एका भाषेतली ओळ घ्यायची आणि दुसऱ्या भाषेत तिचा पदर न् पदर उलगडायचा, याला आपल्याकडे निरूपण म्हणतात आणि ज्ञानेश्वरी याच रीतीने उभी राहिली. मराठीत समजावण्यात काही कमीपणा नाही. ओळ न वाचताच तिचा सारांश सांगून पुढे जाण्यात आहे. मूळ पुस्तक बाकावर उघडं असेल तर शिक्षकाने खुशाल मराठीत बोलावं. आणि पुस्तकच नसेल तर अस्खलित इंग्रजीतलं व्याख्यानही गाइडचाच आवाज असतो.

तेव्हा प्रवेश घेणाऱ्याने कॉलेजची इमारत किंवा नॅकची श्रेणी बघण्याऐवजी तिसऱ्या वर्षातल्या दोन-तीन मुलांना गाठावं. नेमलेल्या पुस्तकांपैकी वर्गात उघडून कुठलं वाचलं, ते विचारावं. पुस्तकाचं नाव आणि त्यातली एखादी आवडलेली जागा सांगितली तर फॉर्म भरावा. ‘कशाला, नोट्स मिळतात ना!’ असं उत्तर आलं तर तिथे इतिहास घ्यावा, किंवा एसटीचा पास काढून पुढच्या गावचं कॉलेज बघावं.